अनोळखी नंबर

नोकरी गेलेल्या माणसाला फोन बंद ठेवून चालत नाही आणि हप्ते थकलेल्या माणसाला तो चालू ठेववत नाही. माझं दोन्ही एकाच महिन्यात सुरू झालं. ठेकेदाराचा निरोप कधीही यायचा, ‘उद्या सेकंड शिफ्टला एक जागा आहे, येतो का?’ आणि तो दर वेळी नव्या नंबरवरून, कारण ठेकेदाराकडं माणसं जमवणारी पोरं सारखी बदलतात. वसुलीचा फोनही नव्याच नंबरवरून, कारण जुना आपण ब्लॉक करून टाकलेला. उचलल्याशिवाय कळायचं नाही. नाही उचलला तर ती जागा पाच मिनिटांत दुसऱ्याला जाते, हे कंपनीच्या गेटवर उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

त्यात आमच्याकडं रेंजची बोंब. वेल्हे तालुक्याचं नाव सरकारनं राजगड केलं, टॉवरची रेंज मात्र आतल्या वाड्यांत अजून धड पोचत नाही. घरात फोन नुसता वेळ बघायला. शाळेमागच्या टेकाडावर गेलं की दोन काड्या येतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ तिथं पाच-सहा जण असायचेच. कुणी भरतीचा निकाल बघायला, कुणी पुण्यातल्या भावाशी बोलायला. फोन वाजला आणि माणूस पाठ करून पाच-दहा पावलं बाजूला गेला, की बाकीचे समजून जायचे. विचारायचं कुणी नाही. त्या टेकाडावर मला कळलं की वसुलीवाले एकट्या माझ्याच मागं नव्हते.

कामाचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भोर-वेल्ह्यातल्या आमच्या वयाच्या पोरांचं काम म्हणजे हायवेचा पट्टा. शिंदेवाडी, वेळू, खेड शिवापूर, नसरापूर, आणि सारोळ्याला नीरा ओलांडली की सातारा जिल्ह्यातलं शिरवळ. आधीच्या पिढीतले मुंबईला गेले, गिरण्यांत किंवा माथाडीत. माझे चुलते, त्यांना सगळे तात्या म्हणतात, लालबागच्या गिरणीत होते आणि १९८२ च्या संपात परत आले ते आलेच. आम्हाला मुंबई गाठावी लागली नाही. सकाळी चेलाडी फाट्यावर उभं राहिलं की कंपनीची बस. पण फाट्यापर्यंत यायचं कसं? थर्ड शिफ्टला जायचं तर एसटी नाही, सेकंड सुटली की परतीला काहीच नाही. म्हणून मोटारसायकल घ्यावी लागते, आणि ती हप्त्यावर. पट्ट्यातली निम्मी पोरं कामावर जाण्यासाठी गाडी घेतात आणि गाडीच्या हप्त्यासाठी कामावर जातात, असं आमच्यात गमतीनं म्हणतात. मला त्यात गंमत दिसत नाही.

मी प्रेस शॉपला होतो, ठेकेदाराकडून. सात महिने झाले की ब्रेक. कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले की कामगाराला काढताना नोटीस, भरपाई असलं काहीबाही लागू होतं. त्याच्या आत माणूस मोकळा केला की कुणाच्या डोक्याला ताप नाही. ब्रेकच्या आधी एका कोऱ्या कागदावर सही घेतात, त्याचा पुढं राजीनामा होतो. महिनाभरानं परत बोलावतात, नवा गेटपास, नवा नंबर, तेच मशीन. या वेळी बोलावणं आलं नाही. आमची लाइनच दुसऱ्या प्लांटला हलवली होती.

देणी होती ती अशी. गाडीचा हप्ता. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी घेतलेलं पर्सनल लोन. मधे एकदा नड म्हणून मोबाइलच्या ॲपवरून उचललेले थोडे पैसे. बायकोच्या नावावर मायक्रोफायनान्सच्या गटाचं कर्ज, ज्यातून म्हैस आणली. आणि तात्यांचे हातउसने, ज्याचा कागद नाही, व्याज नाही आणि ज्याची आठवणही ते कधी करून देत नाहीत.

पहिला हप्ता बाउन्स झाला त्या दिवशी बँकेनं दंड कापला, कर्ज देणाऱ्यांनी वेगळा लावला. खात्यात होतं नव्हतं ते त्यातच गेलं. मग फोन. पहिले काही दिवस मुली बोलायच्या, ‘सर, आपला ईएमआय ड्यू आहे’, अगदी गोड. मग आवाज बदलले. महिन्याच्या मध्यात जरा शांत आणि पंचवीस तारीख उलटली की दिवसाला ढीगभर फोन. हे असं का, ते मला पुढं एका वेगळ्याच ठिकाणी कळलं.

शिव्यांचं फार वाटलं नाही. कंपनीत सुपरवायझरच्या ऐकलेल्या असतात. जिव्हारी लागली ती दुसरीच गोष्ट. कर्जाच्या फॉर्मवर दोन ओळखीचे नंबर द्यावे लागतात. मी तात्यांचा दिला होता आणि आमच्या शिफ्टच्या सुपरवायझरचा. तो भला माणूस, दुसऱ्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकणारा तोच. त्याला वसुलीवाल्यांनी फोन करून सांगितलं, तुमचा माणूस पैसे बुडवून पळालाय. त्यानं मला सरळ विचारलं, ‘काय रे, खरंय का?’ मी म्हटलं, पळालो कुठं, घरीच बसलोय. तो हसला, पण मला पुढं घालताना आता त्यालाही दोनदा विचार करावा लागणार होता. ज्याच्या ओळखीनं काम मिळायचं त्यालाच देण्याची खबर द्यायची, म्हणजे काम मिळायची वाटच बुजवायची. मग पैसे यायचे कुठून, हा प्रश्न फोन करणाऱ्याला पडत नाही. त्याला त्या महिन्यापुरतं बघायचं असतं.

रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे. थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांना, मित्रांना, ओळख म्हणून नाव दिलेल्यांना त्रास द्यायचा नाही. मायक्रोफायनान्सला तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढीच वेळ. हे मला भोरला कोर्टाच्या आवारात एका वकिलांनी सांगितलं. मी गेलो होतो व्हॉट्सॲपवर आलेलं ‘अटक वॉरंट’ घेऊन, वर तीन सिंहांचा शिक्का, खाली इंग्रजी. त्यांनी ते एका नजरेत बाजूला ठेवलं. म्हणाले, कर्ज थकणं हा दिवाणी मामला, त्यापायी कुणी बेड्या घालायला येत नाही. पण चेक दिला असेल आणि तो वटला नसेल तर कलम १३८ आहे, आणि खात्यातून आपोआप कापायची जी मंजुरी तू दिलीस ती परत गेली तर २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ आहे. तेव्हा घाबरू नकोस आणि झोपूही नकोस. खऱ्या समन्सवर प्रकरणाचा नंबर असतो, तो ई-कोर्टच्या साइटवर टाकून बघता येतो. फी त्यांनी घेतली नाही, चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

पण खरा वसुलीचा धाक मी पाहिला तो फोनवर नाही. जिथं पाहिला तिथं कुणी आवाजही चढवला नव्हता.

गटाची मीटिंग आमच्या वाडीत एका काकूंच्या पडवीत भरायची. मंगळवारी सकाळी. बायका गोल करून बसतात, मधे हप्ते गोळा करायला आलेले सर. वयानं माझ्याहून लहान, मराठवाड्यातून आलेला, नसरापूरला खोली करून राहणारा पोरगा, पण बायका सर म्हणतात. मांडीवर टॅब. आधी सगळ्यांनी उभं राहून शपथ म्हणायची, मग हप्ते. नोटा मधे ठेवायच्या, गटप्रमुखीण मोजणार, सर टॅबवर बोट फिरवणार. पुरुषांचं तिथं काम नसतं. मी समोरच्या गोठ्यात वैरण टाकत होतो आणि सगळं दिसत होतं.

आमचा हप्ता कमी पडला. सर काहीच बोलले नाहीत. टॅब बंद करून मांडीवर ठेवला आणि बसून राहिले. आवणीचे दिवस. वर शेतात तरवा उपटून पडलेला, चिखल तयार, पाऊस धरून आलेला, आणि दहा बायका एका बाईच्या हप्त्यासाठी पडवीत बसलेल्या. एकीनं पदराला बांधलेले पन्नास सोडले. दुसरीनं शंभर काढले. एका म्हाताऱ्या काकूनं तंबाखूच्या पिशवीतून चिल्लर काढून मोजली आणि परत मोजली. बायको खाली बघून पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत होती. पैसे भरले, सर उठले, पुढच्या वाडीला गेले. त्याच दिवशी आमच्या खाचरात इर्जिक होती. ठरल्याप्रमाणं सगळ्या आल्या, ओळीनं वाकून लावणीही केली. दुपारी भाकरीला मात्र आमच्या बांधावर कुणी बसलं नाही. पलीकडच्या बांधावर सोडल्या फडक्यातल्या भाकरी.

नियम असा की मायक्रोफायनान्सचं कर्ज वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, तारण न घेता, आणि सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. आमचा फॉर्म भरताना माझा पगार धरून ते निम्म्यात बसवलं होतं. पगार गेल्यावर निम्मं कशाचं धरायचं? तारण घेतलं नाही हे कागदावर खरं आहे. शेजारणी तारण होत्या.

त्या रात्री मी आणि बायकोनं देण्यांचा क्रम लावला. आपण सगळेच एक करतो, जो जास्त ओरडतो त्याला आधी देतो. आम्ही उलटा लावला. पहिला गट, कारण तिथं आमचा हप्ता दुसऱ्याच्या पदरातून जात होता. मग गाडी, कारण ती ओढून नेली तर काम मिळूनही जाता येणार नाही. मग तात्या, थोडे का होईना. ओरडणारे सगळ्यात शेवटी. हा हिशोब बँकेतल्या माणसाला पटणार नाही, व्याजाचा दर बघून क्रम लाव म्हणेल. व्याजाच्या हिशोबानं तो बरोबरच आहे, पण त्याला आमच्या वाडीत राहायचं नाही.

पैसे आले ते पीएफमधून, आणि तेही सुखासुखी नाही. तेव्हाच्या नियमानं नोकरी सुटून महिना झाला की पंचाहत्तर टक्के काढता यायचे, दोन महिने झाले की उरलेले. पण ठेकेदारानं नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नव्हती. ती नसली की दावा पुढं सरकत नाही. दर ब्रेकला ठेकेदार बदलल्यानं माझे दोन खाते नंबर झालेले, आणि एकात माझ्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नव्हतं. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की सोडल्याची तारीख कामगाराला स्वतः ऑनलाइन टाकता येते, हे नसरापूरच्या झेरॉक्सवाल्यानं दाखवलं. ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनाही त्यानंच वाचून दाखवली, बेकार झालेल्याला नव्वद दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या निम्मे. वर्षानुवर्षं पगारातून ईएसआय कापून गेलं, पण कंपनीत कुणी तिचं नाव काढलं नव्हतं. त्यात अट आहे की काम आपण होऊन सोडलेलं नसावं. मला लगेच तो कोरा कागद आठवला.

त्याच दुकानात पत्र टाइप केलं. अमुक तारखेला काम गेलं, सध्या महिन्याला एवढेच भरू शकतो, मुदत वाढवून द्या, फोन ठरलेल्या वेळेतच करा, ज्यांची नावं ओळख म्हणून दिली त्यांना करू नका. ईमेल केलं आणि रजिस्टर पोस्टानंही पाठवलं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, १४४४८ वर फोन लावून मराठीतही विचारता येतं. पत्रानं चमत्कार झाला नाही. पर्सनल लोनवाल्यांनी छापील उत्तर धाडलं. पण सुपरवायझरला जाणारे फोन थांबले, आणि मला तेवढंच हवं होतं. ॲपवाल्यांनी कुठल्या पत्राला दाद दिली नाही. त्यांनी माझ्या फोनमधली नावं आधीच उचलून ठेवली होती. २०२२ च्या सप्टेंबरपासून असल्या ॲपना फोनमधल्या यादीला हात लावायची मुभा नाही, पण ज्यांची नोंदच कुठं नाही त्यांना काय सांगणार.

तात्यांना वाटायचं, देणं थकलं म्हणून मी लाजतोय. ते त्यांचं सांगायचे. संपाच्या दिवसांत खाणावळीचं थकलं होतं, तर बाई म्हणाली, जेव, गिरणी सुरू झाली की दे. अशा खाणावळवाल्या बायका स्वतः सावकाराकडून पैसे उचलून गिरणगावाला जेवू घालत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, ते यासाठीच. तात्यांनी त्या बाईचे पैसे गावाकडचं भात विकून फेडले. वसुलीला त्यांच्या दारात कुणी आलं नव्हतं.

सावकार अजूनही आहेत, फक्त त्यांना सावकार म्हणत नाहीत. एक शेठ होता, शेकडा पाच महिन्याला, म्हणजे वर्षाला साठ टक्के. परवानाधारक सावकाराला २०१४ च्या कायद्याखाली बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला अठराच्या वर घेता येत नाही. याला परवाना कुठला? याला व्याजातही फारसा रस नव्हता. रस्त्याकडेच्या तुकड्याचं खरेदीखत करून दे, पैसे दिलेस की उलटं करून देतो, असं त्याचं म्हणणं. गुंजवणीच्या खोऱ्यात असे गेलेले तुकडे दाखवीन तेवढे आहेत. तिथं आता पुण्याच्या माणसांचे बंगले आणि फार्महाऊस आहेत, आणि काही ठिकाणी वॉचमन म्हणून जुना मालकच बसलेला असतो. मलाही तसं काम सांगून आलं होतं. पगार वाईट नव्हता. ज्या बांधावर आजोबांबरोबर वरई पेरली त्याच बांधाचं फाटक उघडायला नको वाटलं. हा माझा अहंकार असेल. सुप्याला १२ मे १८७५ ला कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली, याच पुणे जिल्ह्यात. सरकारला १८७९ मध्ये कायदा करावा लागला. आता जाळायला काही सापडणार नाही, सगळं त्या पोराच्या टॅबमध्ये.

काम शोधणं चालू होतंच. शिरवळला गेटवर उभं राहायचं, नाव लिहून द्यायचं. शनिवार-रविवार गुंजवणे गावात एका ओळखीच्या घरी राजगडावर येणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरीची ताटं लावली. पावसाळ्यात बरं चालतं, मधल्या वारी शुकशुकाट. सरकारच्या युवा प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला आठ हजार मिळत होते, पण माझं वय तिच्या अटीच्या पुढं गेलेलं होतं.

आणि मग एका अनोळखी नंबरवरून चांगला आवाज आला. सातारा रोडवर ऑफिस, मुलाखतीला या. गेलो. ती वसुली एजन्सी होती. तिथल्या माणसाला माझं थकलेलं माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्याला फरक पडत नव्हता. भोर-वेल्हे भागासाठी माणूस हवा होता. ‘तुम्ही लोकल, घरं माहिती, रस्ते माहिती.’ पगार थोडा, पेट्रोल, वर वसुलीवर कमिशन. भिंतीवर फळा, त्यावर बकेटचे आकडे. एक महिना थकलं की एक बकेट, दोन महिने दुसरी, नव्वद दिवस उलटले की खातं बुडीतात जमा. महिनाअखेरीला गिऱ्हाईक पुढच्या बकेटमध्ये जाऊ द्यायचं नाही, त्यावर सगळ्यांचं कमिशन. म्हणजे माझे पंचवीस तारखेनंतरचे फोन. वसुली एजंटाला आधी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मी विचारलं, तर म्हणाले, ते नंतर बघू, तुम्ही उद्यापासून या. बाहेर जिन्यावर दोन पोरं बसली होती. एकाच्या फोनवर कुणीतरी त्याच्या स्वतःच्या गाडीचा हप्ता मागत होतं.

मी गेलो नाही. आमच्या पलीकडच्या वाडीतला एक पोरगा गेला, त्याच्या घरी बहिणीचं लग्न होतं. त्याला मी नावं ठेवत नाही. पुढं तो आमच्याही दारात आला, ॲपवाल्यांकडून नाही, पर्सनल लोनकडून. आईनं पाणी दिलं. तो म्हणाला, दादा, माझ्यासाठी निदान पाचशे टाका. मी टाकले, आणि पावती घेतली.

काम शेवटी सुपरवायझरच्याच शब्दावर शिरवळला मिळालं. पुन्हा ठेकेदार, पुन्हा सात महिने. गटाचं फिटलं. बायकांना एकेकीचे पन्नास, शंभर नेऊन द्यायला बायको स्वतः गेली, चिल्लरवाली काकू घेईना, तिच्या पिशवीत बायकोनं जबरदस्तीनं कोंबले. गाडी वाचली. पर्सनल लोनवाले आता ‘सेटलमेंट’ करा म्हणतात, निम्म्यात मिटवू. तसं केलं तर सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं, म्हणून मी पूर्ण फेडून ‘क्लोज्ड’ आणि एनओसी मागितली आहे. अजून तीन हप्ते आहेत. ॲपवालं फेडून झालं, तरी त्याचे फोन येतात, कुठल्या तरी दुसऱ्या एजन्सीला जुनी यादी विकलेली दिसते.

ब्रेक पुढच्या महिन्यात आहे. या वेळी कोऱ्या कागदावर सही करायच्या आधी त्यावर तारीख टाकून फोटो काढणार आहे, आणि सोडल्याची तारीख दोन महिन्यांनी स्वतः भरणार आहे. बायको म्हणते, कर्जाच्या फॉर्मवर या वेळी सुपरवायझरचा नंबर देऊ नका, माझा द्या.